कागदांतले पूर्वज

‘१८८१ च्या जनगणनेत माझ्या खापरपणजोबांचे नाव कुठे पाहायला मिळेल?’ वंशशोधाचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याने परदेशातल्या एखाद्या नातेवाइकाकडून ऐकलेले असते, की तिकडे जुन्या जनगणनेचे पान उघडले की घरातल्या सगळ्या माणसांची नावे, वये, धंदे आणि जन्मगावे ओळीने वाचायला मिळतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पहिल्याच पानावर द्यायला हवे : कुठेही मिळणार नाही. १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री देशभर एकाच वेळी शिरगणती झाली. तुमच्या खापरपणजोबांच्या दारातही कुणी प्रगणक, बहुधा गावचा कुलकर्णी किंवा शाळामास्तर, येऊन गेला असणार. पण त्या तक्त्यांतून बेरजा काढून झाल्यावर तक्ते जपून ठेवले गेले नाहीत. उरले ते जिल्हावार, जातवार, धर्मवार आकड्यांचे जाड खंड. पुढच्या जनगणनांचेही तेच झाले. स्वतंत्र भारतात १९४८ च्या जनगणना कायद्याने तर घरोघरची नोंद पाहण्याला आणि पुरावा म्हणून वापरण्यालाच बंदी घातली. माणसाने सरकारला सांगितलेली खाजगी माहिती त्याच्याविरुद्ध वापरली जाऊ नये, हा त्यामागचा विचार योग्यच आहे. वंशशोध करणाऱ्याच्या वाट्याला मात्र त्यामुळे बंद दार येते.

मग मराठी माणसाने आपले पूर्वज शोधायचे कुठे? या पुस्तकाचा जन्म या प्रश्नातून झाला आहे. आपल्याकडे एका जागी सगळे मिळत नाही, पण अनेक जागी थोडे थोडे मिळते, आणि ते पुष्कळ आहे.

ज्यांच्याकडे जनगणनेचे तक्ते उरले, त्यांचा अनुभव आधी पाहू, कारण त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये १८०१ पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होत आली, तरी घरातल्या प्रत्येकाचे नाव पद्धतशीर टिपले जाऊ लागले ते १८४१ पासून. त्या वर्षी पंधरा वर्षांवरच्या माणसाचे वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहावे अशी सूचना होती, म्हणून एकोणचाळीस वर्षांचा सुतार कागदावर पस्तिसाचा दिसतो. १८५१ मध्ये कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते आणि नेमके जन्मगाव यांची भर पडली आणि तेव्हापासून एका पिढीवरून मागच्या पिढीवर जाणे सोपे झाले. हे कागद शंभर वर्षे बंद ठेवून मग लोकांसाठी उघडतात; १९२१ चे कागद जानेवारी २०२२ मध्ये उघडले. १९३१ चे कधीच उघडणार नाहीत, कारण ते १९४२ मध्ये आगीत गेले. आयर्लंडमध्ये १९२२ च्या यादवीत डब्लिनच्या ‘फोर कोर्ट्स’मधले दप्तर जळाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या बहुतेक शिरगणत्या त्यात नष्ट झाल्या. आज आयरिश माणूस १९०१ आणि १९११ या दोन वर्षांच्या आधारावर पुढे सरकतो.

आणि अमेरिका. तिथे १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव लिहिले गेले. ‘स्वतंत्र’ हा शब्द इथे महत्त्वाचा. १८५० आणि १८६० मध्ये गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. त्यांत मालकाचे नाव आहे, आणि त्याखाली वय, लिंग, वर्ण एवढेच. त्या माणसांना नावे होती, आई-वडिलांनी ठेवलेली, पण तक्त्याला त्यांची गरज नव्हती. १८७० च्या जनगणनेत ही माणसे पहिल्यांदा आपल्या नावानिशी आली. आजचा आफ्रिकी-अमेरिकी वंशशोधक १८७० पर्यंत जातो आणि तिथे अडतो. त्यापुढे त्याला मालकाच्या मृत्युपत्रात, विक्रीखतात, कर्जाच्या तारणात आपली खापरपणजी शोधावी लागते, कारण तिथे ती मालमत्ता म्हणून नोंदवलेली असते.

या पुस्तकाचे सूत्र इथून निघते. आपल्या पूर्वजांविषयीचा एकही जुना कागद आपल्यासाठी लिहिलेला नाही. कुणाला सारा हवा होता, कुणाला वतन टिकवायचे होते, कुणाला यजमान हातचा जाऊ द्यायचा नव्हता, कुणाला मजुराचा करार पक्का करायचा होता, कुणाला एका जमातीवर पाळत ठेवायची होती. त्या गरजेला जेवढे लागले तेवढेच लिहिले गेले. म्हणून कागद हाती आला की ‘यात काय आहे’ याच्या आधी ‘हा कुणी, कशासाठी लिहिला’ हे विचारावे. ते कळले की नोंद कुठवर खरी धरायची हे कळते, आणि आपला माणूस एखाद्या कागदात का नाही, हेही कळते.

मराठी मुलुखात लिहून ठेवण्याची सवय इंग्रजांनी लावलेली नाही. मराठेशाहीच्या दप्तरात घरांच्या मोजणीचे कागद, म्हणजे खानेसुमाऱ्या, आहेत. पेठेत किती घरे, कोणाची, कोणत्या धंद्याची, हे त्यांत दिसते. वतनाच्या वादातले महजर, निवाडपत्रे, करीने आणि वंशावळी याहून मोठ्या संख्येने आहेत. पाटीलकीवर दोन भाऊबंद भांडले की गोतसभा बसे, दोन्ही बाजू आपापली वंशावळ सांगत, साक्षी होत आणि निकालाचा महजर लिहिला जाई. अशा कागदावर चार-पाच पिढ्यांची नावे सहज मिळतात. मात्र ती वादीने वा प्रतिवादीने आपला हक्क शाबीत करण्यासाठी सांगितलेली आहेत. वतनासाठी खोटे कागद करणारे लोक त्या काळीही होते आणि न्याय करणाऱ्यांना ते ठाऊकही होते.

महजराचा खरा खजिना शेवटी असतो, आणि तिकडे फारसे कुणी पाहत नाही. साक्षीला गावचे बलुतेदार असत. त्यांच्या नावापुढे सहीच्या जागी निशाणी असे : पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परिटाची मोगरी. पाटलाच्या घराण्याचा इतिहास लिहिणारा ही नावे ओलांडून जातो. पण त्याच गावच्या न्हाव्याच्या वंशजाला अडीचशे वर्षांपूर्वीचा आपला माणूस, त्याचे व त्याच्या बापाचे नाव, एवढे तरी दुसऱ्याच्या भांडणाच्या कागदात मिळू शकते. दुसऱ्याच्या कागदात आपला माणूस शोधायला शिकवणे, हे या पुस्तकाचे मुख्य काम आहे असे म्हटले तरी चालेल.

पेशवाई गेल्यावर हे कागद इंग्रजांच्या हाती आले. इनामे खरी किती आणि खोटी किती हे तपासायला त्यांनी इनाम कमिशन बसवले आणि १८५२ च्या कायद्याने त्याला अधिकार दिले. इनामदारांची झोप उडाली. घराघरांतल्या सनदा, वंशावळी, कैफियती सरकारात दाखल झाल्या. ज्या चौकशीने अनेकांची इनामे गेली, त्याच चौकशीमुळे त्यांच्या वंशावळी आज पुण्याच्या पुरालेखागारात सुखरूप आहेत. याच पेशवे दप्तरातून गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. ते राजकारणाच्या इतिहासासाठी निवडलेले होते. सामान्य कुटुंबांचे कागद रुमालांतच राहिले आणि अजून आहेत.

या कागदांची लिपी मोडी. ती शिकायला वाटते तितकी अवघड नाही. अक्षरवळण ओळखीचे व्हायला काही महिने जातात आणि मग एकेका कारकुनाचे हस्ताक्षरही ओळखू येऊ लागते. नवख्याला त्याहून जास्त अडवतो तो काळ. एका कागदावर शालिवाहन शक, दुसऱ्यावर फसली सन, तिसऱ्यावर शुहूर सन, आणि तोही अरबी संख्याशब्दांत. ‘सलास सबैन मया व अलफ’ वाचले की ११७३ हे समजले पाहिजे, आणि त्यात ५९९ मिळवून १७७२–७३ हे इसवी साल काढता आले पाहिजे. हे वर्ष मृगाला सुरू होते, त्यामुळे जानेवारी ते मे या महिन्यांत एक जास्त मिळवावा लागतो. एका वर्षाचा घोळ क्षुल्लक वाटेल. पण बापाच्या मृत्यूच्या वर्षी मुलगा जन्मलेला होता की नव्हता, हा प्रश्न त्या एका वर्षावर ठरतो.

तीर्थोपाध्यांच्या वह्यांबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण सामान्य कुटुंबांना सर्वांत खोलवर नेणारे साधन मला तरी तेच वाटते. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार : कुठेही गेलात आणि आडनाव व मूळगाव सांगितलेत की त्या गावाचे उपाध्ये ठरलेले असतात. ते नामावळी काढतात आणि तुमच्या घरातले कोण, कोणत्या साली, कोणाला बरोबर घेऊन, कोणाच्या अस्थी घेऊन आले होते, हे वाचून दाखवतात. मग तुमचे नाव, मुलाबाळांची नावे लिहून घेतात. इथे येणारा वतनदारच असला पाहिजे असे नाही. आयुष्यात एकदा गंगेला गेलेला शेतकरीही या वहीत असतो. बरोबर आलेल्या बायकांची नावे इथे बऱ्याचदा मिळतात, जी जमिनीच्या कागदात मिळत नाहीत. उपाध्यांची गरज साधी होती, यजमान आपलाच आहे हे दाखवता आले पाहिजे. त्या गरजेपोटी अनेक पिढ्यांची नातीगोती टिकली.

या वह्यांनी कलेच्या इतिहासातले एक कोडेही सोडवले. पहाडी चित्रे राज्यांच्या नावाने ओळखली जात, चित्रकार अज्ञात होते. बी. एन. गोस्वामी यांनी हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांतून चित्रकारांची घराणी जुळवली आणि १९६८ मध्ये मुंबईच्या ‘मार्ग’ या नियतकालिकात दाखवून दिले की शैली राज्यागणिक न बदलता घराण्यातून चालत आली. नैनसुख हा मोठा चित्रकार १७६३ मध्ये आपल्या आश्रयदात्याच्या अस्थी घेऊन हरिद्वारला गेला होता, आणि पंड्याच्या वहीत त्याने नुसती नोंद केली नाही, चित्रही काढले. आपल्याकडच्या मूर्तिकारांच्या, तांबटांच्या, शाहिरांच्या घराण्यांसाठी असे काम नाशिक-त्र्यंबकच्या वह्यांवरून कुणीतरी करावे, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

कोल्हापूर, सांगली आणि त्यापलीकडच्या कर्नाटकात बैलावर बसून येणारे हेळवी हे यजमानांच्या पिढ्या तोंडपाठ सांगतात. गुजरातेत हेच काम वहीवंचा करतात. तोंडी परंपरा म्हणून त्यांना कमी लेखू नये. त्यांच्या सांगण्याचा कागदाशी ताळा घालावा आणि जिथे दोन्ही जुळतात तिथे पाय रोवून पुढे जावे.

इंग्रजी अमलात गावोगाव नोंदींचे जाळे विणले गेले. १८३५–३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या पद्धतीची जमीनमोजणी सुरू झाली आणि हळूहळू प्रत्येक शेताला नंबर, प्रत्येक नंबराला खातेदार मिळाला. आजचा सातबारा सगळ्यांना माहीत असतो. वंशशोधकाने त्याच्या मागे फेरफार नोंदवहीत शिरावे. खातेदार मेला की वारसाची नोंद होते. कोण मेला, कधी, मागे कोण, कुणी हक्क सोडला, हे त्या दोन-चार ओळींत असते. त्याच्या जोडीला गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, जिला गावात कोतवाल बुक म्हणतात. तिच्यात जन्मलेल्या वा मेलेल्या माणसाची जात आहे, मृत्यूचे कारण आहे. १९१८ च्या साथीची पाने पाहताना हात थांबतो; एकाच घरातली नावे काही दिवसांच्या अंतराने येत राहतात. घरात ‘तापाच्या साली सगळे गेले’ एवढेच सांगितले जात असते. ते सगळे कोण, हे इथे कळते.

शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर हे आणखी एक साधन. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत एका मुलाचे नाव घातले गेले : भिवा रामजी आंबेडकर. घराण्याचे आडनाव सकपाळ, मूळगाव आंबडवे, आणि रजिस्टरात आंबेडकर. डॉ. बाबासाहेबांच्या आयुष्यातली ही नोंद सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे आणि तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. वंशशोधकासाठी तिच्यात एक व्यावहारिक शिकवण आहे. आडनाव ही आपल्याकडे फार जुनी वा पक्की गोष्ट नाही. शाळेच्या, पलटणीच्या किंवा गिरणीच्या दारात ते अनेकांना मिळाले, कधी गावावरून, कधी धंद्यावरून, कधी मास्तरांनी दिले म्हणून. सख्ख्या भावांची आडनावे वेगळी असू शकतात. आडनाव धरून मागे जाणारा दोन-तीन पिढ्यांत चकतो; गाव धरून जाणारा टिकतो.

यापुढचा भाग लिहिताना मला नेहमी जड जाते. या सगळ्या साधनांत बायका कुठे आहेत? जुन्या कागदांत बाई येते ती ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ या शब्दांना लटकून, अमक्याची बायको म्हणून, आणि तेही बहुधा विधवा झाल्यावर, वारस म्हणून. लग्नात नाव बदलले की माहेरच्या कागदांशी तिचा धागा तुटतो. हे फार जुने नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतदारयाद्या करताना सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता कुणाची आई वा कुणाची बायको एवढेच सांगितले होते. त्यांतल्या बहुतेक उत्तर आणि मध्य भारतातल्या होत्या. महाराष्ट्रातल्या वंशावळी उघडून पाहिल्या तर आपल्यालाही समाधान मानायला जागा नाही. आजीचे माहेरचे नाव, तिच्या आईचे नाव, ती कोणत्या गावची, हे आज विचारून लिहून ठेवले नाही तर कोणतेही दप्तर ते उद्या देणार नाही.

भूमिहीनांचे तसेच. ज्याच्या नावावर जमीन नाही तो फेरफारात येत नाही. महारांच्या घराण्यांचा माग महार वतनाच्या कागदांत, मुंबई इलाख्याच्या पलटणींच्या नोंदींत लागू शकतो; भीमा-कोरेगावच्या स्तंभावरची ‘नाक’ प्रत्ययाची नावे सगळ्यांना माहीत आहेत. अहमदनगरकडे अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चची बाप्तिस्म्याची रजिस्टरे आहेत. आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्यांची नावे पोलिसांच्या हजेरीपटांत, सोलापूरसारख्या ठिकाणच्या सेटलमेंटच्या दप्तरांत नोंदली गेली. हा कायदा १९५२ मध्ये गेला. आज त्या कुटुंबातल्या मुलीला शिष्यवृत्तीसाठी पूर्वजांचा पुरावा हवा असतो आणि जुना पुरावा म्हणून बऱ्याचदा तोच अपमानाचा कागद तेवढा हाती लागतो. असा कागद कसा वाचावा आणि घरच्यांना कसा दाखवावा, हा प्रश्न तांत्रिक नाही, आणि या पुस्तकाने तो तसा मानलेला नाही.

मराठी माणूस जिथे जिथे गेला तिथे त्याची नोंद वेगळ्या हाताने झाली. १८३४ पासून मॉरिशसला करारावर मजूर गेले. एकूण साडेचार लाखांच्या आसपास हिंदी माणसे पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली, त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली, घाटावरची कुटुंबेही होती. त्यांच्या आगमनाची रजिस्टरे मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. मजुराचा क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, उंची, अंगावरची खूण, आणि पुढच्या काळात छायाचित्रसुद्धा. रत्नागिरीतल्या खेड्याचे नाव फ्रेंच-इंग्रजी कानाच्या कारकुनाने असे लिहिलेले असते की ते मोठ्याने, वेगवेगळ्या तऱ्हांनी उच्चारून पाहिल्याशिवाय उमगत नाही. तिथे बापाचे नाव पुढे मुलांचे आडनाव झाले. कोकणातल्या ज्या घरात ‘एक भाऊ मिरच देशाला गेला, परत आला नाही’ एवढी आठवण उरली आहे, त्या घरासाठी ही रजिस्टरे मोलाची आहेत.

गोव्यात चित्र आणखी निराळे. जुन्या काबिजादींत चर्चची बाप्तिस्मा, लग्न, मृत्यूची पुस्तके, गावकारांच्या कोमुनिदादींचे दप्तर, आणि १५९५ पासून चालत आलेले पुराभिलेखागार. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्या आजोबांचा दाखला शोधणारी तरुण पिढी आज पोर्तुगीज नागरिकत्वासाठी या कागदांकडे वळते. तंजावरचे मराठे राजे तर आपली वंशावळ दगडावरच ठेवून गेले. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा मराठी लेख आजही वाचता येतो. अर्थात राजाची वंशावळ राजाला हवी तशी लिहिली जाते.

हे शास्त्र वाढले कसे, तेही सांगायला हवे. मराठीत त्याची सर्वांत ठळक परंपरा कुलवृत्तांताची. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून घराण्याघराण्यांनी कुलमंडळे काढली, पत्रे पाठवून माहिती गोळा केली, गोत्र, कुलदैवत, मूळगाव, शाखा, प्रत्येकाचे शिक्षण आणि नोकरी असे जाडजूड ग्रंथ छापले. कोकणस्थ, कऱ्हाडे, देशस्थ, सारस्वत, कायस्थ प्रभू अशा लिहित्या-वाचत्या समाजांत ही परंपरा फुलली. या ग्रंथांमागच्या श्रमांना तोड नाही. पण त्यांची दृष्टी मूळ पुरुषाकडून खाली येणारी आहे, मुलींच्या शाखा लग्नापाशी थांबतात, आणि घराण्याला न शोभणारे फारसे छापले जात नाही. दुसरी परंपरा वि. का. राजवाड्यांची. गावोगाव पायपीट करून दप्तरे मिळवावीत, कागद जसा आहे तसा छापावा, निष्कर्ष नंतर. १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ याच वृत्तीतून उभे राहिले. तिसरी दिशा युरोपातली : १९५० च्या दशकात फ्रान्समध्ये लुई आंरी यांनी चर्चच्या रजिस्टरांतून एकेक कुटुंब पुन्हा जुळवून लग्नाचे वय, मुलांमधले अंतर, बालमृत्यू काढण्याची रीत बसवली आणि १९६४ मध्ये केंब्रिजला लॅस्लेट व रिग्ली यांनी ती पुढे नेली. तिथे पूर्वज महत्त्वाचा नाही, सगळ्या गावाचे जगणे महत्त्वाचे आहे. आणि चौथा प्रवाह गुलामांच्या, करारी मजुरांच्या वंशजांचा, ज्यांना कागद त्यांच्या विरोधात लिहिला गेला आहे हे पहिल्यापासून ठाऊक होते. माझा कल राजवाड्यांच्या शिस्तीकडे आणि या चौथ्या प्रवाहाच्या दृष्टीकडे आहे. गुणसूत्रांच्या चाचण्यांविषयी थोडक्यात एवढेच : त्या जवळचे रक्ताचे नाते सांगू शकतात, गावाचे नाव आणि माणसाची गोष्ट सांगू शकत नाहीत.

आज हा विषय हौसेचा राहिलेला नाही. महाराष्ट्रात पूर्वजांचे कागद शोधणारा सर्वांत मोठा वर्ग जात पडताळणीच्या रांगेत उभा आहे. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ : या तारखांआधीचा कागद आणि शपथेवरची वंशावळ यांच्यावर प्रवेश, नोकरी, निवडणूक अवलंबून असते. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी तहसील, शाळा, पोलीस, तुरुंग, सगळीकडची मोडी आणि उर्दू दप्तरे उघडली. त्या वेळी निजामी राज्यातल्या जुन्या जनगणनेचे आणि गॅझेटियरचे नाव घरोघर पोचले. इथे एक भेद स्पष्ट ठेवायला हवा. गॅझेटियर आणि जनगणना अमुक जिल्ह्यात अमुक जातीची इतकी माणसे होती एवढे सांगतात. अमुक माणूस त्यांत होता हे सांगत नाहीत. त्या दोहोंमधले अंतर गावच्या नोंदवहीनेच भरून निघते. त्या जुन्या वह्या आजही कित्येक ठिकाणी वाळवीच्या तोंडी आहेत.

आसामात हेच आणखी तीव्रपणे घडले. १९५१ च्या जनगणनेबरोबर तिथे नागरिकांची नावनिशीवार नोंदवही केली होती. साठ-पासष्ट वर्षांनी ती आणि १९७१ पर्यंतच्या मतदारयाद्या ‘वारसा’ पुरावा ठरल्या, प्रत्येकाला त्यांतल्या पूर्वजाशी आपले नाते सिद्ध करावे लागले, आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी निघालेल्या यादीतून १९ लाखांहून अधिक माणसे बाहेर राहिली. लहानपणी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या, शाळेत न गेलेल्या बायकांना बापाशी नाते दाखवणारा कागद मिळणे सर्वांत कठीण गेले. २०२५ मध्ये बिहारच्या मतदारयाद्यांच्या फेरतपासणीत २००३ च्या यादीतली नावे शोधायला लोक धावले. आणि आता १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून, जातींच्या नोंदीसह, नवी जनगणना होऊ घातली आहे. अशा काळात जुना कागद वाचता येणे, त्याची मर्यादा सांगता येणे, ही साक्षरतेचीच पुढची पायरी झाली आहे.

या पुस्तकातले लेख निरनिराळ्या माणसांनी लिहिले आहेत : मोडी वाचक, तलाठी म्हणून निवृत्त झालेले, शिक्षिका, वकील, आणि केवळ आपल्या आजीचे माहेर शोधायला निघालेले. त्यांना एकच अट घातली होती. प्रत्येकाने एक साधन घ्यावे, ते कोणाच्या गरजेतून झाले ते सांगावे, ते कुठे आणि कसे पाहायला मिळते ते सांगावे, आणि त्यात कोण येत नाही हेही सांगावे. महापराक्रमी मूळ पुरुष शोधून देणे हा या पुस्तकाचा हेतू नाही. कुठल्याही जातीचे श्रेष्ठत्व वा प्राचीनत्व सिद्ध करणारे लेखन आम्ही घेतलेले नाही. विदर्भाचे मिसल बंदोबस्ताचे कागद आणि मराठवाड्यातली निजामी दप्तरे यांना जाणीवपूर्वक जास्त जागा दिली आहे, कारण पुण्या-मुंबईबाहेरच्या वाचकाला आजवरच्या मार्गदर्शक पुस्तकांचा फारसा उपयोग झालेला नाही. हैदराबादेत १८८४ पर्यंत सरकारी कामकाज फारसीत आणि पुढे उर्दूत चाले. ती लिपी न येणाऱ्यालाही नोंदवहीतला रकाना ओळखता यावा, इतपत नमुने दिले आहेत.

जिथे कागद आणि घरातली आठवण यांत विरोध आला, तिथे लेखकांनी दोन्ही नोंदवले आहेत आणि निवाडा वाचकावर लादलेला नाही. हयात माणसांची नावे बदलली आहेत. कागदातली जातवाचक, अवमानकारक भाषा जिथे मुळाबरहुकूम द्यावी लागली, तिथे ती उद्धरणातच ठेवली आहे. गावांची नावे जुन्या कागदात जशी आहेत तशी देऊन पुढे आजचे रूप व तालुका दिला आहे. तालुक्यांच्या हद्दी अनेकदा बदलल्या असल्याने दप्तर मागताना जुना तालुका सांगावा लागतो. सनावळीचे तक्ते शेवटी आहेत. शक, फसली व शुहूर सन तिन्ही वापरणाऱ्याने आधी आपला कागद कोणत्या प्रांतातला आहे ते पाहावे, मग तक्ता उघडावा, आणि महिना कळत नसेल तर जोडसाल तसेच राहू द्यावे.